सहीवर काहीही मारायचं नाही

घरातल्या एका पितळी सन्मानचिन्हावरच्या मार्करच्या सह्या पुसट होत चालल्या होत्या, त्या टिकवायला काय करावं ते मी विचारत फिरले. नौपाड्यातला फ्रेमवाला म्हणाला, "ताई, क्लिअर लॅकर मारून देतो, दहा वर्षं बघायला नको." ट्रॉफ्या बनवणाऱ्याने त्यावर कडी केली. सह्यांच्या रेषांवरून लेझर फिरवायचा, म्हणजे अक्षरं पत्र्यात कोरली जातील आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतील. डिजिटल प्रिंटिंगवाल्याने लॅमिनेशन सुचवलं. वागळे इस्टेटमधल्या गाड्या चकाचक करणाऱ्या एकाने तर सिरॅमिक कोटिंगचा भावच सांगितला. "बोनेटवर टिकतं, तर याच्यावर का नाही टिकणार?" माणसं सगळी मनापासून सांगत होती. सह्यांवर काहीतरी चढवायला हवं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. मी त्यातलं काही केलं नाही. त्याऐवजी काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण ठाण्यात नाटकवाल्यांच्या आणि क्रिकेटवाल्यांच्या घरात सह्यांची अशी सन्मानचिन्हं भिंतीवर लटकलेली असतात आणि हळूहळू पुसट होत असतात.

आमचं सन्मानचिन्ह माझ्या काकांचं. ते व्यावसायिक नाटकांच्या प्रकाशयोजनेचं काम बघायचे. म्हणजे कागदावर योजना करणारा वेगळा, काका डिमरवर बसणारे, प्रयोग चालू असताना दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे. गडकरी रंगायतनला तर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. नव्वदच्या दशकातल्या एका नाटकाचे तीनशे प्रयोग झाले, तेव्हा निर्मात्याने पडद्यामागच्या मंडळींनाही सन्मानचिन्हं दिली. (नाटकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक सह्यांची किंमत विचारतात.) सागवानी रंगाचा लाकडी तळ, त्यावर चार स्क्रूंनी बसवलेला सोनेरी पितळी पत्रा, पत्र्यावर वरच्या बाजूला कोरलेलं नाटकाचं नाव आणि खाली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवर नटमंडळींनी त्या रात्री मेकअप रूममध्ये मार्करने सह्या केल्या. बहुतेक काळ्या, एक निळी, आणि दिग्दर्शकाने लाल मार्कर उचललेला. सह्या करणाऱ्यांपैकी दोघं आता नाहीत.

चरईतल्या जुन्या घरात हे सन्मानचिन्ह अंधाऱ्या माजघरात होतं, तोवर ठीक होतं. चुलतभावाने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, मोठी पश्चिमेची खिडकी, समोर येऊरचा डोंगर. सन्मानचिन्ह मानाने हॉलमध्ये, खिडकीसमोरच्या भिंतीवर आलं. काही वर्षांत काळ्या सह्या तपकिरी-जांभळ्या झाल्या, निळी फिकट राखाडी. लाल तर दिसेनाशीच झाली.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे घरात असलं काही झालं की प्रकरण माझ्याकडे येतं. मला वाटलं होतं, काकांना सगळं समजावून सांगावं लागेल. उलट त्यांनीच मला सांगितलं. "अगं, लाइटसमोर लावायचं रंगीत जिलेटिन जळतं तसंच आहे हे. हजारच्या लाइटसमोर निळं जिलेटिन लावलं की काही प्रयोगांत मधोमध पांढरं पडायचं. अंबर टिकायचं. गडद निळं आणि जांभळं आधी जायचं. रंग म्हणजे उजेड खाणारी वस्तू, खाऊन खाऊन एक दिवस मरते." वर्गात मी डाय आणि पिगमेंट यांतला फरक शिकवते तेव्हा इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

परमनंट मार्करचं नाव परमनंट असलं तरी त्याचा अर्थ पाण्याने पुसलं जात नाही एवढाच. त्यातला रंग बहुतेक वेळा डाय असतो, म्हणजे अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये पूर्ण विरघळलेला रंग, सोबत पृष्ठभागाला चिकटून राहण्यासाठी थोडं रेझिन. काळा तर अनेक डाय मिसळून केलेला. उजेडात त्यातला एखादा आधी मोडतो आणि उरलेले दिसू लागतात, म्हणून काळ्याचा जांभळा किंवा तपकिरी होतो. कागदावर शाई थोडी तरी आत मुरते. पितळेवर मुरायला जागाच नाही, ती वर पातळ पापुद्र्यासारखी बसून राहते. म्हणूनच तिला विरघळवणारं काहीही लागलं की संपलं. काच पुसायच्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं. हँड सॅनिटायझर तर मुख्यतः अल्कोहोलच. हात ओले असताना "बघू कुणाची सही आहे" म्हणून बोट फिरवणारा पाहुणा उन्हापेक्षा जास्त नुकसान एका क्षणात करू शकतो. आणि पितळ चमकवायचं पॉलिश म्हणजे बारीक घासणारी पावडरच, तिच्यापुढे सही टिकायचा प्रश्नच नाही.

मग क्लिअर लॅकरचं काय? त्यातही सॉल्व्हंट असतो, आणि तो शाईच्या सॉल्व्हंटचा सख्खा चुलतभाऊ. हे पुस्तकी ज्ञान झालं, फ्रेमवाल्याला ते पटणं शक्य नव्हतं. म्हणून ट्रॉफीवाल्याकडून त्याच पितळी पत्र्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या आणल्या, त्यांवर मार्करने माझीच सही ओळीने केली, नीट वाळू दिली आणि एकेक उपाय त्यांच्यावर आजमावला. कुठल्याही मूळ वस्तूला हात लावायच्या आधी तसल्याच टाकाऊ वस्तूवर प्रयोग करायचा, हा संग्रहालयांमधल्या जतनवाल्यांचा पहिला नियम आहे आणि घरी पाळायलाही सोपा आहे.

स्प्रे लॅकर दुरून, हलक्या हाताने मारला तरी रेषांच्या कडा फुटल्या आणि अक्षरांभोवती जांभळट वलय आलं. जवळून मारला तिथे सही चक्क वाहिली. पाण्यात मिसळणारं वॉर्निश ब्रशने लावलं, तर ते गुळगुळीत पत्र्यावर थेंबाथेंबाने गोळा झालं आणि वाळल्यावर नखाने सोलून निघालं, सोलताना सहीचा तुकडा घेऊन. मुंबईच्या एका संग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्या मैत्रिणीने मायक्रोक्रिस्टलाइन मेणाची छोटीशी डबी दिली होती. अशा मेणाचा एक प्रसिद्ध प्रकार १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि आज जगभर धातूच्या वस्तूंवर वापरतात. त्यातला सॉल्व्हंट सौम्य, त्यामुळे शाई वाहिली नाही. पण मेण लावायचं म्हणजे कापडाने पुसायचं, आणि कापडावर हलका काळा डाग आलाच. मैत्रीण म्हणाली, "मग संपलं. धातूसाठी उत्तम, पण वर शाई बसलेली असेल तर नको." मेणाची डबी घरातल्या पितळी समईच्या कामी आली.

त्या पट्ट्या मी फ्रेमवाल्याला नेऊन दाखवल्या. त्याने उलटसुलट बघितल्या, एक खिशात टाकली आणि म्हणाला, "हे गिऱ्हाइकाला दाखवायला बरं पडेल." त्या दिवसापासून त्याची माझ्याशी बोलायची पद्धत बदलली, आणि पुढचं काम त्याच्याकडूनच करून घेतलं.

मध्येच चुलतभावाने एक सोपा मार्ग काढला. बारीक टोकाचा मार्कर घेऊन पुसट रेषा गिरवून टाकू. दिसायला छान दिसेल, हे खरं. पण मग ती सही माझ्या भावाची झाली, नटाची नाही. संग्राहकांच्या जगात गिरवलेली सही म्हणजे बिघडलेली वस्तू मानतात, आणि लेझरने कोरायची कल्पनाही त्याच माळेतली. पैशांचा विचार बाजूला ठेवला तरी त्या रात्रीचा हात थरथरला असेल, घाईत एक वेलांटी सुटली असेल, ते सगळं त्या रेषेत आहे. पुसट झालेली खरी रेषा मला गडद केलेल्या रेषेपेक्षा जवळची वाटते. भावाला हे तत्त्वज्ञान वाटलं. काकांनी मात्र एका वाक्यात निकाल दिला, "दुसऱ्याच्या एंट्रीवर लाइट मारायचा नसतो."

जे उरलंय त्याची नोंद आधी करायची, असं ठरलं. चकचकीत पितळेचा फोटो काढणं ही डोकेदुखीच आहे, कारण पत्र्यात आपण, मोबाइल आणि पंखा सगळे दिसतात. काकांनी हे काम हातात घेतलं आणि मग मी फक्त मदतनीस. पांढऱ्या चादरीचा तंबू केला, म्हणजे पत्र्यात फक्त पांढरंच दिसेल. चादरीला बारीक भोक पाडून त्यातून लेन्स. दोन बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांवर दोन टेबललॅम्प, तेही चादरीबाहेरून. शेजारी फूटपट्टी आणि कोरा पांढरा कागद, म्हणजे माप आणि रंग नंतर ताडून बघता येतात. असे सरळ फोटो झाल्यावर काका म्हणाले, आता एकच लाइट ठेव आणि तो अगदी आडवा, पत्र्याला घासून जाईल असा लाव. लावला, आणि गायब झालेली लाल सही दिसली! रंग उडाला होता, पण शाईतलं रेझिन पापुद्र्यासारखं तिथेच होतं, आणि आडव्या उजेडात त्याची चमक वेगळी पडत होती. दिग्दर्शकाच्या नावातला लांब ओढलेला शेवटचा फराटासुद्धा. भाऊ तोवर गिरवायला निघाला होता ना, तो तेव्हा गप्प बसला.

धूळ काढायला कापड वापरलं नाही. मऊ केसांचा मोठा ब्रश आणि हवेचा रबरी फुगा. सह्यांच्या जागी फक्त हवा.

आता उजेड. मोबाइलवर लक्स, म्हणजे किती उजेड पडतो ते, मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. ती अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर दुपारी दोन हजारांच्या वर आकडा जायचा, आणि ऊन थेट पडलं की कितीतरी पुढे. बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये पन्नासच्या आसपास. नाजूक रंगांसाठी, कागदांसाठी संग्रहालयं साधारण पन्नास लक्सच धरतात. उजेडाचं नुकसान साठत जातं, म्हणून हिशेब लक्स गुणिले तास असा करायचा. हॉलमध्ये दोन हजार लक्स रोज चार तास म्हणजे आठ हजार. पॅसेजमध्ये पन्नास लक्स आठ तास म्हणजे चारशे. वीसपट फरक! हा हिशेब भावाच्या बायकोने ऐकला आणि त्याच संध्याकाळी सन्मानचिन्ह पॅसेजमध्ये आलं. या सगळ्या खटाटोपात एवढं एकच केलं असतं, तरी निम्म्याहून जास्त काम झालं असतं, असं माझं मत आहे. पैसे शून्य.

तरीही सन्मानचिन्ह ठेवायला बंद खोका हवाच होता, कारण बोटं, धूळ आणि पावसाळा. समोर काच की ॲक्रिलिक? साधी काच रंग उडवणाऱ्या अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) किरणांचा काही भाग अडवते, पण बराचसा आत सोडते. त्यामुळे अल्ट्राव्हायोलेट गाळणारी ॲक्रिलिक शीट शोधायला लागले, आणि इथे दुकानादुकानांत एकच गोंधळ. "यूव्ही शीट आहे का?" विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. एकाच्या लेखी ती उन्हात पिवळी न पडणारी शीट. दुसऱ्याच्या लेखी यूव्ही प्रिंटिंग होणारी शीट. स्वतः पिवळं न पडणं वेगळं आणि मागच्या वस्तूपर्यंत किरण पोचू न देणं वेगळं. भांडत बसण्यापेक्षा मी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च पर्समध्ये टाकला. साध्या पांढऱ्या बाँड पेपरवर तो मारला की कागद निळसर चमकतो, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात तसं द्रव्य घातलेलं असतं. मध्ये शीट धरायची. कागद तसाच चमकत राहिला तर शीट बिनकामाची, विझला तर घ्यायची. दुकानदार आधी हसायचे, मग स्वतःच्या शीट काढून काढून तपासायला लागायचे. शेवटी एका ठिकाणी कागद विझला. ती शीट फ्रेमपेक्षा महाग पडली. आणि हेही स्पष्ट सांगते, की अशी शीट जवळजवळ सगळे अल्ट्राव्हायोलेट अडवत असली तरी दिसणारा उजेडही रंग उडवतोच. शीट लावून पुन्हा खिडकीसमोर टांगणं म्हणजे पैसे वाया.

खोक्यात समोरची शीट आणि पत्रा यांच्यात इंचभर मोकळी जागा ठेवायला सांगितली. दमट हवेत चिकटून बसलेली शाई काचेबरोबर उचलली जाते, जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात ते बहुतेकांनी बघितलं असेल. शिवाय ॲक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते, सुटा कण ओढून घेते. मागचा बोर्ड आम्लविरहित. खोक्याला एमडीएफ नको म्हटलं, कारण त्यातल्या गोंदातून आणि लाकडातून फॉर्माल्डिहाइड आणि आम्लाची वाफ निघत राहते आणि बंद जागेत ती पितळेला काळवंडवते. फ्रेमवाल्याने अॅल्युमिनियमची चौकट काढली. सांधे भरायला तो सिलिकॉनची ट्यूब घेऊन आला, झाकण उघडताच व्हिनेगरचा वास. तो वास म्हणजे ॲसिटिक ॲसिडच. वाळताना असं आम्ल न सोडणारं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वेगळं मिळतं, तेच आणायला लावलं. सन्मानचिन्हाचा स्वतःचा लाकडी तळही थोडीफार वाफ सोडणारच, त्याला इलाज नाही. म्हणून खोक्याच्या तळाशी मागून उघडणारा छोटा कप्पा, त्यात वाफ शोषायला ॲक्टिव्हेटेड चारकोलची एक पुडी आणि ओलावा शोषायला सिलिका जेल. सन्मानचिन्ह आत चिकटवलं नाही, खालून दोन आधार आणि वरून फेल्ट लावलेले दोन आकडे, कधीही सुटं करता येईल असं.

सिलिका जेल नारिंगी घेतलं. ओलावा शोषून संपलं की ते हिरवट होतं. निळ्याचं गुलाबी होणारं जुनं जेल मिळतं, पण त्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, लहान मुलं असलेल्या घरात कशाला? ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की नारिंगी पुन्हा नारिंगी होतं. जुलैमध्ये ठाण्यात हा उद्योग सारखा करावा लागतो. हवेतला दमटपणा मोजणारं घड्याळासारखं यंत्र हॉलमध्ये पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर दाखवत होतं, पत्र्याला लागूनच्या स्क्रूंवर हिरवट कड दिसायला लागली होती. खोक्यात आता पंचावन्नच्या आसपास राहतं, कप्पा विसरला तर चढतं. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून आतली भिंत निवडली आणि खोक्याच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले. भिंत आणि खोका यांच्यात हवा खेळती राहते, बुरशीला संधी मिळत नाही.

हॉलमधली मोकळी जागा काकूंना खुपायला लागली. तिथे चादरीच्या तंबूत काढलेल्या फोटोचा मोठा प्रिंट लागला आहे. पाहुणे त्याचंच कौतुक करतात, त्यासमोर उभे राहून फोटो काढतात, बोट फिरवतात. फिरवू देत.

सह्या करणाऱ्यांपैकी एक नट मागे घरी आले होते. प्रिंट बघून म्हणाले, "आणा मार्कर, माझी पुन्हा करून देतो." जुन्या पत्र्यावर नको म्हटलं, पण संधी कशाला सोडायची? एक कोरा ॲक्रिलिकचा तुकडा आणि पिगमेंट असलेला पेंट मार्कर तयार ठेवला होता. पिगमेंट म्हणजे न विरघळलेले रंगाचे कण, ते उजेडात डायपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. मार्कर आधी खळखळून हलवायचा, टोक रद्दी कागदावर दाबून शाई खाली आणायची, आणि सही झाल्यावर पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही हात लावू द्यायचा नाही. काका त्या तुकड्याजवळ खुर्ची टाकून बसले, प्रयोगाच्या आधी डिमरशी कुणाला येऊ द्यायचे नाहीत तसे. नट हसून म्हणाले, "अजून तोच दरारा."

माझ्या सहीच्या पट्ट्यांपैकी एक मी उन्हाळाभर त्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवली होती, अर्धी ॲल्युमिनियम फॉइलखाली झाकून. संग्रहालयात यासाठी निळ्या लोकरीच्या कापडाचे आठ प्रतींचे नमुने ठेवतात, कोणता किती उडाला त्यावरून उजेडाचा अंदाज येतो. माझी ही त्याची घरगुती आवृत्ती. पावसाच्या तोंडाशी फॉइल काढलं, तर झाकलेला भाग काळाकुळीत आणि उघडा भाग काकांच्या सन्मानचिन्हावरच्या सह्यांसारखाच तपकिरी-जांभळा. तशीच नवी पट्टी आता पॅसेजमधल्या खोक्यात आहे, सन्मानचिन्हाच्या खाली, अर्धी झाकलेली. पुढच्या मे महिन्यात उघडून बघायची. काकांनी आत्ताच बजावून ठेवलं आहे, फरक दिसला तर पॅसेजमधला दिवाही काढून टाक, मी अंधारात चालत जाईन, विंगेत आयुष्य गेलंय माझं.